बिनफटीची खोली

रंगनाथला फट सहन व्हायची नाही. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये अख्खी नोकरी काढलेला माणूस. दोन भाग एकमेकांवर बसवले की मधून केससुद्धा जाता कामा नये, हे त्याच्या अंगात मुरलेलं. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. लग्नाच्या पंगतीत टेबलाचा पाय डगमगला तर हा जेवण सोडून कागदाची घडी शोधत बसायचा आणि त्याची बायको संध्या कपाळाला हात लावायची. अशा माणसाच्या तावडीत घरातलं गॅरेज सापडलं, मग काय विचारता.

निमित्त झालं आईचं. भिमाबाई मनमाडला रेल्वे लाइनीजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गुडघ्यांनी दगा दिला, एकदा मोरीत पडल्या, तेव्हा त्यांना नाशिकला आणायचं ठरलं. पाथर्डी फाट्याजवळच्या या रो-हाऊसमध्ये झोपायच्या खोल्या सगळ्या वर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसालाही धाप लागावी. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि गॅरेज. गाडी काय, रस्त्यावर उभी राहील. पण आईला गॅरेजात ठेवलं, हे मनमाडचे भाऊबंद कसं चघळतील ते रंगनाथला आधीच ऐकू यायला लागलं होतं. त्याने मनाशी घेतलं की खोली अशी करायची, की इथे कधी गाडी उभी होती हे शपथेवर सांगूनही कुणाला पटू नये.

रंगारी लावू या, असं संध्या म्हणाली. ते याला कुठलं रुचायला. धुराने काळ्या पडलेल्या भिंती त्याने स्वतः खरवडल्या, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. भिमाबाईंना विचारून फिकट निळा रंग दिला. फरशीवरचे ऑइलचे डाग जाईनात म्हणून वरून टाइल्स बसवून घेतल्या आणि मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून त्याला नको नको करून सोडलं. शटरच्या खाली रबराची पट्टी लावली, दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये लोकरीचा जाड नमदा कोंबला. हॉलकडे उघडणाऱ्या दारालाही खालून रबर. मग शटर ओढून आत अंधारात उभा राहिला आणि कुठून उजेड येतो का ते पाहिलं. एका कोपऱ्यातून आला, तर ती पट्टी काढून पुन्हा बसवली. पलंग आला, कपाट आलं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. बाहेरच्या भिंतीत छताला लागून एक जाळी होती, पेट्रोलचा वास जायला बिल्डरने ठेवलेली. तिच्या खाली कपाट उभं राहिलं.

भिमाबाई आल्या, सगळं हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, माझ्या लग्नातसुद्धा मला अशी खोली मिळाली नव्हती. रंगनाथ दोन दिवस हवेत होता.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "लय गार लागतं रं. कुठनं तरी वारा येतो."

बाकी कुणी म्हातारपणाचं गाऱ्हाणं म्हणून सोडून दिलं असतं. रंगनाथच्या ते जिव्हारी लागलं. त्याच्या खोलीत वारा? जानेवारी होता, पहाटे बोटं वाकत नव्हती, पण थंडीला दोष द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. उदबत्ती पेटवून तो कोपरान् कोपरा फिरला. धूर जाळीजवळ हलला.

संध्या त्या दिवशी सासूबाईंचं उरलेलं सामान आणायला मनमाडला गेली होती. रंगनाथने शिडी लावली, जाळीत थर्माकोल बसवला, वरून सिमेंटचा पत्रा, पुट्टी, आणि राहिलेल्या निळ्या रंगाचे दोन हात. काम इतकं सफाईदार झालं की खाली उतरल्यावर जाळी कुठे होती ते त्यालाच क्षणभर शोधावं लागलं. संध्याला सांगायचं त्याने मुद्दाम टाळलं. तिच्या कधी लक्षात येतं ते बघायचं होतं त्याला, पोरकटपणा नुसता. कपाटावर मनमाडच्या पेट्या चढल्या आणि तो कोपरा दिसेनासाच झाला. त्याच सामानात भिमाबाईंची कोळशाची लोखंडी शेगडी होती. संध्याने ती मागच्या पडवीत ठेवली.

आठवडाभराने रंगनाथ जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला वणीला गेला आणि तिथेच मुक्कामी राहिला. थंडीने त्या रात्री कहर केला. सकाळी तो परतला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि भिमाबाई पलंगावर चादर ओढून पडल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं, वयच होतं, असं सांगून गेले.

बायका म्हणत होत्या, चेहरा किती तरतरीत दिसतोय, गालावर लाली आहे, पुण्यवान बाई. रंगनाथने पाहिलं. कारखान्यातल्या भट्टी खात्यात दरवर्षी सुरक्षेचं शिक्षण व्हायचं. कोळशाच्या कोंडलेल्या वायूने माणूस जातो तेव्हा तो असा गुलाबी दिसतो, हे त्याने तिथे चित्रात पाहिलं होतं. तो मागच्या पडवीत गेला. शेगडीत ताजी राख होती.

संध्याने काहीच लपवलं नाही. तिथेच, शेगडीजवळ, तिने सगळं सांगितलं. सासूबाई रात्री कुडकुडत होत्या, मनमाडला निखारे पायाशी घेऊनच झोपायचे म्हणाल्या. तिचा जीव धजेना. मग वर जाळी आहे हे आठवलं, म्हणून शेगडी पेटवून दिली, सकाळी तिनेच ती बाहेर आणून ठेवली. "मीच मारलं त्यांना," ती म्हणाली.

जाळी बंद आहे, एवढंच रंगनाथला म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाहेर मनमाडची मंडळी उतरत होती आणि दारातून कुणीतरी म्हणत होतं, बघा, पोराने आईसाठी काय खोली केली, याला म्हणतात मुलगा. रंगनाथ म्हणाला, "वय झालं होतं तिचं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

एकदा गिळलेलं मग बाहेर येईना. रोज अंथरुणावर पडलं की संध्या तेच सुरू करायची, एखादी गोधडी जास्त दिली असती तर, मी शेजारी झोपले असते तर. रोज तो तेच उत्तर द्यायचा. ती जेवेनाशी झाली. येईल त्या बाईला सांगायची, माझ्या हातून एवढं झालं पण यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. हे ऐकताना रंगनाथला स्वतःची किळस यायची. पण तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा, बस्स.

भिमाबाईंच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच खोलीत झाला. पलंग हलवून सतरंज्या अंथरल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली, वंदना झाली. शटर वर केलेलं होतं, ऊन आत येत होतं. नंतर जेवणं सुरू झाली आणि शेजारचे यादव रंगनाथजवळ सरकले. भला माणूस. भिंतींवरून हात फिरवत त्यांनी कामाची मनापासून तारीफ केली. मग म्हणाले, "आमचंही गॅरेज रिकामंच पडलंय. आईंना वर चढवत नाही आता. असंच फिट करून द्या ना. थंडीचं त्यांना फार, दिवसरात्र शेगडी लागते."

रंगनाथच्या हातात घास होता. नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. पाठ दुखते, जमायचं नाही, काहीही. पण यादव हुशार होते, बघून बघून सगळं जमवलं असतं त्यांनी, दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं. त्याला यादवांच्या आई दिसल्या, गुलाबी गालांच्या.

"असं करू नका," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. "वर जाळी होती ती मी बुजवली. कुठेच फट ठेवली नाही मी. आई त्याने गेली."

जेवणारी माणसं थांबली. संध्या पाण्याचा जग घेऊन दोन माणसांपलीकडे उभी होती. तिने कपाटाच्या वर पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधी बुजवलीत?"

"तू मनमाडला सामान आणायला गेलीस त्या दिवशी."

"म्हणजे मी सांगितलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

तो हो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, अंगावरचं ओझं उतरावं तसं, आणि क्षणभर रंगनाथला वाटलं की ती आता रडेल आणि सगळं निभावेल. ती रडली नाही. तिने जग खाली ठेवला.

"रोज रात्री तुम्ही झोपलात की मी तुमच्या पायांवर डोकं ठेवत होते," ती म्हणाली, "माफ केलंत म्हणून."

मग तिने त्याच्यासमोरची पत्रावळ उचलली आणि ती घेऊन आत गेली. त्याचं जेवण अजून व्हायचं होतं, आणि ते तिला दिसत होतं.