चालू मशीन सोडून जायचं नाही

लेकीचे हात हवेतच अडकले. उजवा छातीपाशी, डावा वर उचललेला, आणि दोन्हींच्या मध्ये नुसता पांढुरका फराटा. गादीवालीने मोबाइल आडवा केला, उभा केला, खिडकीत नेला, दारात नेला, शेवटी कापसाच्या गठ्ठ्यावर चढून छताजवळ धरला. मग चित्र एकदम धावलं, चार-पाच खुणा एकमेकींवर आदळल्या, लेकीने 'कळलं का?' अशा भुवया उंचावल्या आणि पुन्हा सगळं थिजलं.

"मेल्या, हात तरी पुरते हलवू दे तिला," गादीवाली मोबाइलला म्हणाली.

तीन आठवडे असंच चाललं होतं. लेकीला काहीतरी सांगायचं होतं. जेवलीस का, झोपलीस का, असलं रोजचं नव्हे, काहीतरी मोठं. आणि नेमकं तिथेच चित्र रुतायचं. दुसऱ्या एखाद्या आईने फोन कानाला लावून भागवलं असतं. हिच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती बोलायची हातांनी, आणि ते हात कुठल्या शाळेतले नव्हते. मायलेकींनी गाद्या शिवता शिवता घरीच घडवलेले, जगात दोघींनाच कळणारे. लिहून पाठवावं, तर गादीवालीची शाळा दुसरीत सुटलेली. अक्षरं लावत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. कोणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे घरातलं गल्लीत वाळत घालायचं. ते तिच्याच्याने होणारं नव्हतं.

गल्लीने पोरीला मुकी म्हणायच्या आत तिने स्वतःच तिचं नाव बोलकी ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा शिंपी एकदा म्हणाला, "नावातच गंमत आहे हं." तेव्हा गादीवालीने दाभण खाली न ठेवता विचारलं होतं, "तुझ्या बायकोला तर चांगली जीभ आहे. कधी बोलू देतोस का तिला?" त्यानंतर शिंप्यासकट सगळी गल्ली निमूटपणे बोलकीच म्हणू लागली.

बोलकी आता दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात होती. गोळ्या पाकिटांत नीट भरल्या आहेत की नाहीत ते बघायचं काम. वर्षाच्या करारावर गेली होती. थंडी सरली की परत येणार, असं गादीवालीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नेटवाल्याला बोलावलं. तो खांबावर चढला, उतरला, हात झटकले.

"मावशी, पेटीत जागाच नाही. शेवटची होती ती गेल्या महिन्यात तुमच्या शेजारी गेली. पंपवाल्या काकांकडे."

"त्याला काय करायचंय नेट? मासे पकडायचेत?"

"पुतण्याने घेऊन दिलं. काका वापरतच नाहीत. नवी पेटी वर्षभर तरी येत नाही बघा. त्यांच्याकडून वायर ओढून घ्या की. दोन घरांत भिंत एकच. एक भोक पाडतो, तुमच्याकडे एक छोटा डबा बसवतो, झालं."

"तू विचार त्यांना."

"शेजारी तुम्ही की मी?" नेटवाला म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

भिंत एकच होती खरी, पण वीस वर्षांत तिच्या या बाजूचा शब्द त्या बाजूला गेला नव्हता.

पंपवाले तेव्हा गल्लीच्या टोकाला, तळ्याकाठच्या पंपघरात कामाला होते. सगळ्या वस्तीचं पाणी त्यांच्या हातात. टाकी भरली की वरचा माणूस पाइपावर एक ठोका मारायचा, मग ते मशीन बंद करायचे. तोवर जागचे हलायचे नाहीत. त्यांची बायको डबा तिथेच आणून द्यायची. बोलकी सहा वर्षांची होती. एका सकाळी ती पंपघरात शिरली आणि फिरत्या पट्ट्याकडे हात लांबवून उभी राहिली. पंपवाले दोनदा ओरडले. मग धावले आणि तिचा दंड धरून तिला अशी ओढली की पोर भिंतीवर आपटली. गादीवाली कापसाचं ओझं घेऊन वळणावर आली होती, तिला एवढंच दिसलं.

नळावर बायका उभ्या होत्या. गादीवालीने ओझं टाकलं आणि तोंड सोडलं. पंपवाले काही सांगायला गेले, तिने सांगू दिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तुला पोर झालं नाही ते बरंच झालं." पंपवाल्यांची बायको डबा घेऊन पंपघराच्या दारातच उभी होती.

घरी आल्यावर बोलकीने सांगितलं. स्वतःचा दंड घट्ट धरला, ओढला. मग तर्जनी गोल गोल फिरवून पट्टा दाखवला, आणि त्यात जाणारा हात. गादीवालीला सगळं कळलं. उद्या जाऊन बोलू, असं तिने ठरवलं. उद्या गेला, परवा गेला. तोंडातून निघालेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती. त्या घरातली बाई पुढे आजारी पडली, गेली. त्या दिवशी सगळी गल्ली तिकडे गेली होती. गादीवाली स्वतःच्या दारात उभी राहिली, आणि उभीच राहिली.

म्हणून आता नवी भरलेली उशी बगलेत मारून ती त्या दारापुढे आली, तेव्हा तिने सगळी तयारी ठेवली होती. नाही म्हणाले तर काय म्हणायचं, टोमणा मारला तर काय उलटवायचं.

पंपवाल्यांनी दार उघडलं. माणूस वाळला होता, शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

"नेटची वायर हवी होती. भिंतीतून," ती म्हणाली. "अर्धं बिल मी भरणार. फुकट नको."

"कशाला हवी?"

"पोरीशी बोलायला."

"बोलकीशी?"

"मला आणखी किती पोरी आहेत?"

त्यांनी मान हलवली. "रोज किती वाजता?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. "पाचला. तिची पाळी सुटते तेव्हा."

"पाच," ते म्हणाले. "बरं. झालं की भिंतीवर एक ठोका मारा."

"ही घ्या उशी."

"उशी आहे माझ्याकडे."

"असेल. कापसाच्या गाठी झाल्या असतील तिच्यात."

ते एवढ्यावरही चिडले नाहीत. उशी घेतली.

वायर आली. पाच वाजता डब्यावर हिरवा दिवा लागला, आणि बोलकीचे हात पडद्यावर असे आले की गादीवालीने मोबाइल दूर धरला. नखं दिसत होती. अंगठ्यावरचा दाभणाचा जुना वणसुद्धा दिसत होता. हात सरसर चालले, कुठे अडले नाहीत. बोलकीने फोटो लावलेलं एक नवं कार्ड दाखवलं. आठ बोटं वर केली, आठ मुली माझ्या हाताखाली. त्यांतली तीन कानांना लावली, या तिघी माझ्यासारख्या. मग तळहात खाली दाबला, एकदा, दोनदा. इथे. कायमची. मी इथेच राहते, आई.

आता चित्र अडकलं असं म्हणायची सोय नव्हती. गादीवालीने दोन्ही मुठी कपाळाला लावल्या. शाबास. मग बोलकीला डोळे दिसू नयेत म्हणून तिने बराच वेळ सुईत दोरा ओवला. दोरा आधीच ओवलेला होता. भिंतीवर ठोका मारायला ती त्या दिवशी विसरली, आणि डब्याचा दिवा जेवणं होईपर्यंत तसाच जळत राहिला.

गल्लीला तिने काही सांगितलं नाही. थंडी सरली की येणार, तेच चालू ठेवलं.

रोज पाचला दिवा लागायचा, ठोका मारला की विझायचा. एरवी डबा मेलेला. नेटवाला म्हणाला होता, चोवीस तास चालू राहिला तरी या डब्याला काही होत नाही. मग हे काय? वीज वाचवतोय म्हातारा, ती मनात म्हणायची.

एका शनिवारी कारखाना लवकर सुटला. तीन वाजता मोबाइल थरथरला, वर बोलकीचा फोटो आला आणि चक्र फिरत राहिलं. दिवा नाही. मोबाइल पुन्हा थरथरला. गादीवाली तरातरा शेजारी गेली.

"काय हो, वीज साठवून महाल बांधताय का? अर्धं बिल देते मी. पोर तिकडे हात हलवत बसलीय, आणि तुम्ही बटण दाबून बसलात. माणसाने एवढं..."

"थांबा, लावतो," पंपवाले म्हणाले.

त्यांनी आपल्याकडच्या मोठ्या डब्याचं बटण लावलं. सगळे दिवे स्थिर होईपर्यंत उभे राहिले. मग डब्यासमोरच्या स्टुलावर पाठ ताठ करून बसले. स्टुलावर तिची उशी होती, मधोमध चांगली दबलेली.

गादीवालीने उशीकडे पाहिलं.

"हे काय करताय?"

"बसलोय."

"कशाला?"

"मशीन चालू आहे ना. चालू मशीन सोडून जायचं नाही."

"रोज बसता?"

"पाच ते ठोका."

"आणि इतकी वर्षं रोज पाचला तळ्यावर फिरायला जायचात ते?"

"त्याचं काय एवढं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी ठोका आला नाही तुमचा. म्हटलं, बरंच बोलायचं असेल."

याला काही होत नाही हो, नेटवाला म्हणालाय, हे तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. जिभेवरचं गिळायची तिची ही बहुधा पहिलीच वेळ.

तेवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. तिने बटण दाबलं. बोलकी आली, आईमागची अनोळखी भिंत बघून थबकली, मग स्टुलावरचा माणूस तिला दिसला. तिने स्वतःचा दंड घट्ट धरला आणि ओढला. मग दहाही बोटं पडद्यासमोर आणून एकेक करून हलवली, सावकाश, जणू लहान मुलाला मोजून दाखवावीत तशी.

"काय म्हणतेय?" पंपवाल्यांनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. हे हात गल्लीत दुसऱ्या कोणाला कळत नव्हते. नमस्कार म्हणतेय, तब्येत विचारतेय, काहीही.

"ती म्हणतेय," गादीवाली म्हणाली, "यांनी ओढलं, म्हणून माझी बोटं राहिली. सगळी आहेत बघा, म्हणतेय." मग खाली बघत म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं होतं तिने मला. घरी आल्याबरोबर."

पंपवाले डब्याकडे बघत होते. म्हणाले, "पट्ट्याला जाळी बसवा म्हणून मी तीनदा कळवलं होतं."

"मी जे बोलले नळावर. ते तुमच्या घरच्यांनी ऐकलं."

"ऐकलं."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाली, आई आहे ती." त्यांनी उशीची कड सारखी केली. "पोरगी कधी येतेय परत?"

गादीवालीने पडद्याकडे पाहिलं. बोलकी दोघांच्या ओठांकडे बघत वाट पाहत होती.

"नाही येणार," ती म्हणाली. "तिकडेच राहणार आता. कायमची."

"मग डबा चालू ठेवावा लागेल."

"ठेवावा लागेल."

बोलकीने आणखी थोडं सांगितलं, आईने थोडं विचारलं, आणि पडदा काळा झाला. पंपवाले बटणाकडे हात नेत होते.

"राहू द्या, भाऊ," गादीवाली म्हणाली. "पोर पाचला परत लावणार आहे. तुम्ही तळ्यावर जाऊन या. मी बसते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "तांबडा दिवा लागला तर आधी वायर बघा. ठोकू नका डब्याला."

"मला काय अक्कल नाही?"

"सांगितलेलं बरं असतं."

त्यांनी जोडे घातले. दारातून एकदा मागे वळून चारही दिवे बघितले आणि गेले.

गादीवालीने उशी उचलून दोन बाजूंनी थापटली, मधला कापूस सारखा केला, आणि ती स्टुलावर बसली. समोर हिरवे दिवे लुकलुकत होते. मोबाइल मांडीवर होता. घरी निम्मी शिवलेली गादी पडली होती, चुलीवर काही ठेवायचं होतं, पण ती उठली नाही. पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डब्यावरची नजर न काढता ती बसून राहिली.