तिसरं कडवं

"परत तिसऱ्या कडव्यालाच फाटतो साला," स्पीकरच्या जाळीला कान चिकटवून महेंद्र पुटपुटला.

मागे स्वप्ना मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. कॅसेट डेकच्या पोटात उजेड हवा होता, आणि अशा कामाला बायकोइतकं हाताशी दुसरं कोणी नसतं, हे तिला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. तिने हात बदलला.

कॅसेट सासऱ्यांची होती. विठ्ठलवाडीच्या चाळीत दर जयंतीला ते भीमगीतं गायचे. गेल्या वर्षी ते गेले. येत्या रविवारी पहिला स्मृतिदिन. वंदना झाली की जमलेल्यांना बाबांचं गाणं ऐकवणार, असं महेंद्रने चाळीच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं. तेव्हापासून कळव्याच्या या दोन खोल्यांत एकच विषय, काय बदलायचं. अ‍ॅम्प्लिफायर बदलून झाला. त्याने बाबांचा आवाज मोठा झाला, सुधारला नाही. आता स्पीकर की डेक, इथे गाडी अडली होती.

निकाल द्यायला देवरामकाकांना बोलावलं होतं. ते बाबांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, बाबांना नुसतं रामा म्हणायचे. जयभीम घालून आल्याआल्या त्यांनी आधी भजी संपवली, मग डोळे मिटून गाणं ऐकलं. तिसरं कडवं आलं तसा त्यांच्या बशीतला चहा हिंदकळला. स्वप्नाने ते बरोबर टिपलं. तिच्या हळदीला बाबा गायला उठले होते, तेव्हाही पार्टीतल्या माणसांचे खांदे असेच हलत होते.

"काका, खरं सांगा. दोष कुठाय?"

"दोष…" देवरामकाकांनी मिशी पुसली. "स्पीकर बदल तू. मोठे घे. रामाचा आवाज असल्या डब्यात मावणारा नव्हता रे."

"बघ! मी हेच म्हणत होतो."

"पण ढोलकी तर स्वच्छ येते," स्वप्नाच्या तोंडून निघून गेलं. "कोरसपण."

"मी वाजवलीय ना ती, पोरी. स्वच्छच येणार."

"तुला त्यातलं काय कळतं?" महेंद्र म्हणाला. "टॉर्च नीट धर."

सुटका झाल्यासारखे देवरामकाका मागे टेकले. "आणि रविवारी सगळी पार्टी येणारे बरं का. कोरसमधला सुदेश तर खास सुट्टी टाकतोय. म्हणाला, रामाचं गाणं चुकवायचं नाही!" बशी पुन्हा हलली.

सासूबाई, शांताबाई, खिडकीशी लसूण सोलत बसल्या होत्या. ही कॅसेट लागली की त्या उठून आत जायच्या. आज गेल्या नाहीत.

महेंद्रने टेप मागे घेतली आणि आईसमोर मांडी ठोकून बसला. त्याच्या कपाळाला डेकमधलं काळं लागलं होतं. शाळेतून चित्र काढून आणायचा तेव्हाही तो असाच समोर येऊन बसायचा, असं त्या स्वप्नाला कधीतरी म्हणाल्या होत्या.

"आई, तू जन्मभर ऐकलंस. बाबांचा असली आवाज कसा होता, तेवढं सांग. हुबेहूब तसा काढतो. काय बदलायचं ते बदलतो."

गाणं वर चढलं, फाटलं. कोरसने घाईघाईने सावरून घेतलं.

"हाच होता," शांताबाई म्हणाल्या.

"हाच कसा? अगं, फाटतोय बघ."

"तेव्हाही फाटायचा."

महेंद्र हसला. मग त्याने देवरामकाकांकडे पाहिलं. ते रिकाम्या बशीत पाहत होते. स्वप्नाने टॉर्च बंद केला.

"माइक नि भोंगा आपला होता, म्हणून गाऊ द्यायचे त्यांना," शांताबाई पाकळीचं साल काढत म्हणाल्या. "नि मागे बसून हसायचे. रविवारी पण हसायलाच येतायत सगळे. विचार भावजींना."