चार बोटं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. दप्तरातली छोटी नव्हे, ओढ्यात उभी असणारी. माझ्या अंगावर खालून वर आकडे रंगवलेले आहेत. पाणी ज्या आकड्याला टेकतं तेवढी त्या दिवशी ओढ्याची उंची.

मी आधी एका दाराची फळी होते. दार मोडीत निघालं तेव्हा पुलाजवळच्या सुताराने मला कापलं, रंधा मारला, तेल पाजलं. पाट्या रंगवणाऱ्याने आकडे काढले. मग पुलाखालच्या खडकाला लोखंडी पट्ट्यांनी मला आवळलं. माझं डोकं जिथे आलं, तिथे सुताराने खडकावर छिन्नीने एक आडवी रेघ मारली. काम नीट झालं की खूण करायची त्याची सवयच होती.

रोज सकाळी वाचन घ्यायचं काम पाणी खात्याने त्याच्या बायकोला दिलं. लोक तिला आकडेबाई म्हणत. सात वाजता ती पायऱ्या उतरून यायची, वाकून बघायची, आकडा पुटपुटायची आणि वहीत लिहायची. थंडी असो, ताप असो, खाडा नाही. सुतार वरून पुलाच्या कठड्याला टेकून तिला चिडवायचा.

"अगं, रोज काय तपासतेस? ओढ्याला ताप आलाय का?"

"तुम्हाला तपासून उपयोग नाही, म्हणून याला तपासते," ती म्हणायची.

माझी ती वर्षं फार चांगली गेली. खात्याचे लोक वह्या बघून तिची तारीफ करत, आणि मला वाटायचं, त्यातली थोडी माझीही आहे.

मग एका वर्षी मोठा पूर आला. वाहत आलेला ओंडका माझ्यावर आदळला. मी मोडले नाही, पण पट्ट्यांतून खाली घसरले आणि तिथेच अडकले. पूर ओसरल्यावर आकडेबाईने आधी माझं डोकं पाहिलं, मग खडकावरची रेघ. दोन्हींच्या मधल्या जागेत तिच्या हाताची चार बोटं मावत होती. म्हणजे ओढा जेवढा असेल त्याहून मी तो चार बोटं जास्त दाखवणार.

खात्याच्या माणसाशिवाय मला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. तिने पत्र धाडलं. येतो म्हणाले. आणखी दोन पत्रं गेली, तरी कुणी आलं नाही. उद्या येतील या आशेवर मी घसरल्याची नोंद तिने वहीत केली नाही. रोज पाण्याच्या रेषेला लावून तिथून खाली माझ्यावर चार बोटं आडवी ठेवायची, करंगळीखालचा आकडा वाचायचा आणि तोच लिहायचा. अशी नऊ वर्षं गेली. नवऱ्याला तिने एकदा सांगितलंही होतं. तो तेव्हा कठड्याची फळी ठोकत होता. "हं," म्हणाला आणि ठोकत राहिला.

एका सकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सुतार वही घेऊन उतरला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने पाणी जिथे टेकलं तो आकडा लिहिला आणि जाताना माझ्या डोक्यावर चार बोटं ठेवली. ती माझ्यावर बोटं ठेवते, हे त्याने वरून हजारदा पाहिलं होतं. त्याला वाटायचं, ती मला नमस्कार करते. मित्रांनो, मला बोलता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली आणि डोंगरावर एक मोठी योजना आली. दोन तलाव बांधायचे, एक माथ्यावर, एक पायथ्याशी. वीज जास्त झाली की पंपाने पाणी वर चढवायचं आणि वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. कल्पना चांगली होती. पण तलाव पहिल्यांदा भरायला आणि पुढे उन्हाने आटेल तेवढी भर घालायला पाणी लागणार होतं आमच्या ओढ्याचं. उन्हाळ्यातही ते उचलू द्यावं, असं योजनेच्या कंपनीने अर्जात मागितलं होतं. ओढ्याच्या झिरप्यावर खालच्या वस्तीची एकुलती एक विहीर भरायची. ओढा आटला तर विहीरही आटणार.

परवानगीच्या सुनावणीला मी नव्हते. पण सुतार सकाळी वाचन घेताना सगळं सांगायचा. मला नाही, तिला. कंपनीचा अभियंता म्हणाला होता की गेल्या दोन वर्षांत ओढ्याला पाणी वाढलंय, तेव्हा उन्हाळ्यात उचलायला हरकत नाही. आधीच्या आकड्यांबद्दल तो अदबीनेच बोलला होता, की त्या बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा. पट्टीवर आज बघा, आकडे सुतारकाकांचेच जुळतात. सुताराला राग आला होता.

"तुझे डोळे सुईत दोरा ओवायचे," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

मग सुनावणीच्या अधिकारी बाई स्वतः पुलावर आल्या. सोबत अभियंता होता, वस्तीतली चार माणसं होती. बाईंनी वह्या उघडल्या.

"काका, एक विचारते. ओढा एकदम सात सेंटिमीटर चढला आणि तसाच राहिला. नेमकं अक्षर बदललं त्याच दिवशी. असं कसं?"

मग बाई म्हणाल्या, वाचन कसं घेता ते दाखवा. तो उतरला, वाकला, आकडा सांगितला आणि माझ्या डोक्यावर बोटं ठेवली. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"ती असं करायची. रोज."

"इथेच ठेवायच्या?"

त्याने हात उचलला आणि खाली पाण्याच्या रेषेला लावला, ती लावायची तसा. मग करंगळीखाली बघितलं. तिथला आकडा तिच्या वह्यांतल्यासारखा होता. नंतर घाईने खडकावरचं शेवाळ खरवडू लागला. त्याची स्वतःची रेघ निघाली, माझ्या डोक्याच्या वर. त्याने खिशातली घडीची पट्टी काढून अंतर मोजलं. सात सेंटिमीटर.

"तिने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही. दोन वर्षं मी रोज जास्त पाणी लिहिलं."

अभियंता हळूच म्हणाला, "काका, असं म्हणालात तर तुमच्या वह्या बाद होतील."

"माझ्या होऊ देत. तिच्या ठेवा."

अभियंत्याने स्वतः उतरून अंतर पुन्हा मोजलं आणि आपल्या कागदावर लिहून घेतलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. योजनेला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. कोरड्या महिन्यांत ओढ्यातून एक थेंबही उचलायचा नाही, तलाव भरायचे ते ओढा भरून वाहत असतानाच. कोरडे महिने कोणते, हे आकडेबाईच्या वह्यांवरून ठरलं.

खात्याचा माणूस अखेर आला. त्याने मला वर ओढून रेघेशी नेऊन आवळलं. आता मी सरळ बोलते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी रोज काही बारीकसं करत असेल, तर ते का करतात हे विचारा. आणि सांगतील तेव्हा हातातलं काम खाली ठेवा.

सुतार अजून सातला येतो. आकडा बघतो, आहे तसाच लिहितो, त्यातून काही वजा करत नाही. मग पाण्याच्या रेषेला लावून माझ्यावर चार बोटं ठेवतो. आता त्याची गरज नाही, हे त्याला ठाऊक आहे.