बोटभर कमी

मी नीलकंठ मास्तर. सातारा जिल्ह्यात अडतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. आता परदेशात, हॅमिल्टनला मुलीकडे राहून नात ओवीला सांभाळतो, बढतीच म्हणायची! आमच्या गावाकडे तेव्हा जन्मदाखल्यांचा पत्ता नसायचा. मग पोरगं दाखल करताना मी सांगायचो, "उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर." बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण, जन्मतारीख एक जून. आया मागून पोराची मान हळूच वाकवायच्या. मला सगळं दिसायचं, तरी "शाब्बास" म्हणून मी नाव लिहून टाकायचो.

फेब्रुवारीत ओवीच्या शाळेत कार्यक्रम होता, मुलांना युद्धात जुंपू नका म्हणून सांगणारा. मुलांनी तळवे लाल रंगात बुडवून मोठ्या कापडावर उमटवले. मग बोलायला उभा राहिला डेंग, ओवीच्या स्कूलबसचा ड्रायव्हर. रोज सकाळी मला इथल्या पद्धतीनं नमस्कार करत "किया ओरा, अंकल" म्हणणारा हा हसरा माणूस काय सांगणार, म्हणून मी घड्याळ पाहिलं.

"माझ्या देशात युद्ध चालू होतं. गावात जन्मदाखले नव्हते," तो म्हणाला. "बंदूकवाले शाळेत यायचे. हात डोक्यावरून कानाला लावायला सांगायचे. ज्याचा पोचेल, तो त्यांचा."

मी ताठ बसलो.

"आमचे मास्तर रोज प्रार्थनेनंतर तालीम घ्यायचे. मान ताठ ठेवा, खांदा पाडा, हात बोटभर कमी पडला पाहिजे. मी नऊ वर्षांचा होतो. ते आले, तेव्हा आम्ही एकवीस जण बोटभर कमी पडलो."

"आणि मास्तर?" मी भर सभेत मराठीतच विचारलं, मग भानावर येऊन इंग्रजीत.

"बंदूकवाल्यांना संशय आला. आमच्याऐवजी मास्तरांना नेलं. ते परत आले नाहीत."

माझे हात आपोआप जोडले गेले. अडतीस वर्षं मी त्याच परीक्षेचा परीक्षक, आणि त्या माणसानं मुलांना तिच्यात नापास व्हायला शिकवलं! असा मास्तर या पृथ्वीवर होऊन गेला.

"करून बघा," डेंग मुलांना म्हणाला. शंभर हात वर गेले. तळव्यांवरचा रंग अजून ओला होता. सगळ्यांच्या कानांवर लाल बोटं उमटली.

"आजोबा, लुक! आय कॅन रीच!" ओवी ओरडली.

ती आठ वर्षांची आहे. माझ्या तोंडून शाब्बास निघेना. मी तिच्याजवळ गेलो, तिचं मनगट धरलं आणि हात बोटभर मागे घेतला.

"असा धर, बाळा," मी म्हणालो. "पुन्हा कर."