गूळ खाणारी चुंभळ

"बाई काय काम करतात?" कल्याणच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं.

"काम असं काही नाही. घरीच असते," भगीरथ म्हणाला.

फॉर्मवर नाव-गाव लिहावं तितक्या सहज त्याच्या तोंडून ते गेलं. स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोने, रखमीने, मान वळवून त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वळेना, म्हणून ती अख्खीच वळली.

"घरी बसून मानेचे मणके असे झिजत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बाई, डोक्यावरून ओझं वाहता का?"

"पानी आनते."

"किती?"

"लागंल तेवढा."

डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून टाचणीने टोचली. चार बोटांना टोचलेलं कळलंच नाही. मग त्यांनी भगीरथला समजावून सांगितलं. मणके झिजून आत सरकले होते आणि मधली मज्जारज्जू त्यांनी दाबून धरली होती. डोक्यावर आता किलोभर वजनसुद्धा चालणार नाही. एखादा हिसका बसला, तर दोन्ही हात जातील.

गाडीने दोघं आटगावला उतरली. पाड्याच्या वाटेला लागल्यावर रखमी म्हणाली, "डॉक्टरला शून्य सांगाचा व्हता. शास्त्रात तसाच हाय ना?"

त्या शून्याला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती.

भगीरथ शहापूरच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होता. बारावी सायन्सला दोनदा आपटला आणि मग जी नोकरी मिळाली तिला चिकटला. परीक्षानळ्या धुवायच्या, भिंगं पुसायची, तराजूची वजनं डबीत मोजून ठेवायची. पण वीस वर्षं सरांच्या मागे उभं राहून तोच धडा ऐकला की माणूस नापास राहत नाही. भोईर सरांचं फळ्यावरचं गणित चुकलं, तर भगीरथ मागून हळूच खोकायचा आणि सर खडू थांबवून वर बघायचे.

त्याला एक नाद होता. मुंबईच्या एका मुलांच्या मासिकात तो जादूच्या गोष्टी लिहायचा. राजपुत्र, राक्षस, उडती घोंगडी असलं सगळं त्यात असे, पण त्याचा एक हट्ट होता. जादू हवी तेवढी करावी, निसर्गाचा नियम मात्र मोडायचा नाही. माणसाला हवेत तोलून धरायचं तर तेवढा जोर लावून हवा खाली ढकलावी लागते. म्हणून त्याच्या राजपुत्राची घोंगडी गावात उतरू लागली की झोपड्यांची छपरं उडायची आणि लोक काठ्या घेऊन राजपुत्रामागे लागायचे. गुप्त होण्याची टोपी घातलेला चोर तर पहिल्याच पानावर विहिरीत पडला, कारण उजेड त्याच्या डोळ्यांतूनही आरपार जायचा आणि त्याला काहीच दिसायचं नाही. संपादक बाई खूश होऊन कार्डं पाठवायच्या. शाळेत त्याला जादूवाले म्हणायचे, आणि त्यात थोडी टिंगल असली तरी भगीरथला ते आवडायचं.

गोष्ट लिहून झाली की तो ती आधी रखमीला वाचून दाखवी. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीतलं खोटं तिला लगेच कळे. छपरं उडाल्यावर ती पोट धरून हसली होती. टोपीवाल्या चोराची तिला दया आली होती.

एकदा मार्च महिन्यात, शहाण्णव साली, ती हंडा-कळशी उतरवून उंबऱ्यावर टेकली आणि मान चोळत म्हणाली, "राजपुत्राचा लय झाला. आता माझ्यासाठी येक चुंभळ लिवा."

चुंभळ म्हणजे डोक्यावर हंड्याखाली ठेवायची, जुन्या लुगड्याची वळलेली कडी. रखमीची चुंभळ तिच्या डोक्यावर बसून बसून तिच्याच डोक्याच्या आकाराची झाली होती.

"कसली चुंभळ?"

"जादूची. हंडा तीच उचलंल. मी नुसती खाली चालंन."

भगीरथला कल्पना इतकी आवडली की रविवारी तो टेप घेऊन विहिरीवर गेला. विहीर खाली ओहोळात. तिथून खडकात खोदलेल्या पायऱ्यांची चाळीस फूट चढण, आणि वर आलं की पाड्यापर्यंत सगळा सपाट माळ, पाव तासाचा. माळाच्या कडेने मुंबईला पाणी नेणारा मोठा लोखंडी नळ गेला होता. बायका त्याच्या सावलीत घोटभर दम खात आणि पुढे निघत. पाड्यावरचे लोक भगीरथला गमतीने म्हणायचे, नाव भगीरथ नि दारात थेंब नाय. तोही हसायचा.

त्या संध्याकाळी त्याने गणित मांडलं आणि उत्तर बघून तो अंगणात ओरडतच आला. शेजारची भिमी तिथे तांदूळ निवडत बसली होती.

"रखमे, ऐक गो! माळावर तू शून्य काम करतेस!"

"काय?"

त्याने समजावलं. ओझं वर उचललं तर काम होतं. तेच ओझं त्याच उंचीवर ठेवून आडवं नेलं, तर शास्त्राच्या भाषेत कार्य शून्य. नववीच्या पुस्तकात डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालाचं उदाहरण आहे. कार्य होतं फक्त चढणीवर, आणि तेही इतकं थोडं, की वाटाण्याएवढ्या गुळाच्या खड्यात जेवढी ताकद असते तेवढ्यात दिवसाच्या पाचही खेपा होतील. म्हणजे जादूच्या चुंभळीला रोज एक गुळाचा खडा पुरे! माळावर तर तिला काहीच लागणार नाही. एकही नियम मोडत नव्हता. आजवरच्या त्याच्या गोष्टींत इतकी स्वच्छ जादू कधी जमली नव्हती.

भिमी हसून हसून सुपावर कलली. "आयकलास ना गो रखमे? तू कायच काम नाय करत!"

रखमी हसली नाही. "मंग मान कशाला दुखतं?" तिने विचारलं.

"ती शरीराची भानगड. तिचा या गणिताशी संबंध नाही," भगीरथ म्हणाला आणि कागद शोधायला आत गेला.

गोष्ट दिवाळी अंकात आली. चित्रात एक बाई ऐटीत चालली होती, तिच्या डोक्यावर वीतभर वर हंडा तरंगत होता आणि चुंभळीला गूळ भरवणारी एक मुलगी शेजारी होती. रखमीने तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. विहिरीवर बायका एकमेकींना हाका मारू लागल्या, चला गो, शून्य काम करून येव. पुढे त्यातली गंमत गेली आणि नुसतं बोलणं उरलं.

आणि आता डॉक्टर म्हणत होते, किलोभरसुद्धा नको.

भगीरथने हातपाय हलवले नाहीत असं नाही. टँकरसाठी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. सायकलला लावायला दोन कॅन आणले, पण सायकल पायऱ्या उतरेना आणि माळावरच्या खडकांत दोनदा पंक्चर झाली. हर्षाली, त्यांची मुलगी, दहावीला होती. ती सकाळी एक खेप करू लागली. स्वतः हंडा घ्यावा हे भगीरथच्या मनातही आलं नाही. हंडा डोक्यावर घेतलेला पुरुष पाड्यावर कुणी पाहिलाच नव्हता.

हर्षालीची परीक्षा जवळ आली तशी रखमी तिला अभ्यासाला बसवून पुन्हा स्वतः जाऊ लागली, भगीरथ शाळेत गेला की. घरी आल्यावर त्याला दिसायचं, पिंप भरलेलं आहे आणि तिच्या लुगड्याची पाठ ओली आहे. त्याला सगळं कळत होतं आणि तो गप्प राहिला. विचारलं असतं तर पुढचा हंडा कोण आणणार, हेही बोलावं लागलं असतं.

दहावीच्या शास्त्राच्या पेपरच्या दिवशी भगीरथ केंद्रावर मुलांना पाणी वाटत फिरत होता. शिपायाने त्याला ऑफिसात फोनवर बोलावलं. स्टेशनजवळच्या बूथवरून भिमी बोलत होती.

"रखमी पडली. हंड्यासकट."

"पायऱ्यांवर?"

"नाय वो. माळावर. चालता चालता."

तो पोचला तेव्हा तिला नळाच्या सावलीत निजवलं होतं. डोळे उघडे होते. हात दोन्ही बाजूंना पडले होते, तिचेच नसल्यासारखे. हंड्याला मोठा पोचा आला होता, आणि सुटलेली चुंभळ खडकावर पसरली होती. तिच्या घडीतून एक गुळाचा खडा बाहेर आला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

भगीरथ त्या खड्याकडे बघत राहिला.

"रोज घालायची," भिमी हळूच म्हणाली. "मान लय दुखाया लागली तवापासून. आमी हसायचो. तर बोलायची, गोष्टीतला हाय, लागू पडला तर पडला."

भगीरथ तिथेच खाली बसला आणि लोकांसमोर मोठ्याने रडला. शेवटी भिमीनेच त्याला खांद्याला धरून उठवलं, गाडी बघायला पाठवलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पाय वाचले. हात खांद्यापासून हलत, पण बोटं मिटेनात. बावीस दिवसांनी रखमी घरी आली, भर एप्रिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली हंडा घ्यायला पुढे झाली, तशी रखमी खाटेवरून ओरडली, "ठेव तो खाली! पोरीच्या मानंवर नको!"

घरात तिघंच माणसं होती. भगीरथने हंडा उचलला.

विहिरीवरच्या बायका त्याला बघून आधी हसल्या. मग भिमीने आपली कळशी बाजूला सारून त्याला जागा दिली. त्याने हंडा खांद्यावर घेतला आणि निम्मं पाणी वाटेत सांडलं. दुसऱ्या खेपेला डोक्यावर घ्यायचं ठरलं, पण रखमीची चुंभळ त्याच्या डोक्यावर बसेना. तिने खाटेवरूनच नवी करायला शिकवली.

"सैल नको. घट्ट पिळा. अजून. आता टोक आत खुपसा."

ती सांगताना तिची न मिटणारी बोटं मांडीवर थोडी थोडी हलत होती.

चढणीवर त्याला धाप लागली, पण चढण लवकर संपली. खरी परीक्षा माळावर होती. दर पावलाला डोक्याचं हाड मानेत रुतायचं, पाणी हिंदकळलं की मान दुसरीकडून आवळावी लागायची, आणि पाड्याची पहिली कुडाची घरं दिसत असूनही जवळ येत नसत. पाव तास. दिवसाला पाच खेपा. पंचवीस वर्षं. गुणाकार न करता एवढ्याच आकड्यांवर तो थांबला.

मे महिन्यात संपादक बाईंचं पत्र आलं. त्याच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं होतं, चुंभळीची गोष्ट पहिली. आयुष्यभर तो त्या पत्राची वाट बघत होता. त्याने रात्र जाऊ दिली आणि उत्तर लिहिलं: चुंभळीच्या गोष्टीत चूक आहे. सपाट रस्त्यावर तिला गूळ लागत नाही असं मी लिहिलं होतं. लागतो. सर्वांत जास्त तिथेच लागतो. ती गोष्ट घेऊ नये.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते त्याने रखमीला वाचून दाखवलं. बाईंनी फिजिक्सच्या एका प्राध्यापकांकडून गोष्ट तपासून घेतली होती. गणित अगदी बरोबर होतं, कुठेही चूक नव्हती, तेव्हा गोष्ट आहे तशी घेत होत्या.

"चूक नाय बोलतात?" रखमीने विचारलं.

"नाही म्हणतात."

"नि तुमी?"

भगीरथने पत्राची घडी घातली, ते ट्रंकेत अंकाशेजारी ठेवलं आणि खुंटीवरची चुंभळ घेतली. दिवसाची पाचवी खेप राहिली होती.

तो परत आला तेव्हा रखमी दारात येऊन उभी होती. भरलेला हंडा एकट्याने उतरवायचा नसतो, दुसऱ्याने हात लावायचा असतो, आणि आजवर तिला बहुतेक वेळा कुणी नसायचं. तिने दोन्ही हात खांद्यातून वर उचलले आणि हंड्याच्या पोटाला टेकवायला आणले. डावा हात टेकला. उजवा घसरला, तिने तो पुन्हा वर आणला. भगीरथ गुडघ्यांत वाकून, मान ताठ धरून, तो हात लागेपर्यंत थांबून राहिला.