तिसऱ्या गावची वजनं

मासिकानं लेखकांसाठी दिलेल्या सूचनाच अठरा पानांच्या होत्या. ओळींमध्ये दुप्पट अंतर, तक्ते सगळ्यात शेवटी, तक्त्यांना उभ्या रेघा नकोत, लेखकांच्या नावांना पदव्या नकोत. आमच्याकडे पदव्या नावाच्या आधीही लागतात आणि नंतरही. माझे मार्गदर्शक पाक हर्सोयो, म्हणजे हर्सोयो सर, यांचं पूर्ण नाव दीड ओळ व्यापतं. पदव्या काढल्यावर ते अंघोळ करून नुसत्या पंच्यावर बाहेर आलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. माझी अडचण उलटी. मला एकच नाव आहे, आणि आडनावाची चौकट रिकामी ठेवली की फॉर्म पुढे सरकत नव्हता. शेवटी दोन्हीकडे तेच लिहिलं. वुर्यांती वुर्यांती. नवरा म्हणाला, "बरं झालं. एकदा हाक मारून तू जेवायला येतच नाहीस."

शुक्रवारी दुपारी तीनच्या आत लेख पाठवल्याची पावती विद्यापीठाच्या कार्यालयात द्यायची होती. नाही दिली तर पीएचडीला मुदतवाढ मिळणार नव्हती. चार वर्षं या कामात गेली होती, आणि त्यातच माझ्या मुलीचा, सेकारचा, जन्म झाला होता. सोमवारी सगळं लिहून तयार होतं, राहिली होती फक्त मांडणी.

लेख होता आमच्या तेमांगुंग जिल्ह्याच्या डोंगरातल्या तीन गावांचा. पावसाळ्याच्या, म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल या, सहा महिन्यांत दोन वर्षांखालच्या किती मुलांचं वजन घटतं, आणि घरात नळाचं पाणी असेल तर ते कमी घटतं का. तिसऱ्या गावात घरोघर नळ आहेत. तिथे एकाही मुलाचं वजन घटलं नव्हतं. ते शून्य बघून पाक हर्सोयो खुर्चीतून उठून उभे राहिले होते. तिसरं गाव म्हणजे आमचंच गाव.

आम्ही दशांशाला स्वल्पविराम लिहितो, मासिकाला टिंब हवं होतं. एका झटक्यात सगळे स्वल्पविराम बदलता येतात, पण एम. एस्सी.च्या प्रबंधात मी तसं केलं होतं आणि वाक्यांतलेही सगळे स्वल्पविराम टिंबं होऊन बसले होते. परीक्षकांनी विचारलं होतं, लिहिताना उचकी लागली होती का. म्हणून या वेळी गावोगावी मुलांची वजनं घेणाऱ्या सेविकांच्या वह्या शेजारी उघडून एकेक आकडा बघून बदलत होते. सेकार समोर चटईवर केळं कुस्करत बसली होती.

पहिली दोन गावं मंगळवारी झाली. तिसऱ्या गावाच्या आठव्या ओळीवर मी थांबले. ७.९, ७.९, ८.१. पुढच्या ओळीत ९.३, ९.३. त्याच्या पुढे ८.८, ८.८, ८.८. एकसष्ट मुलं आणि सहा महिने. आकडे चढत होते किंवा जागच्या जागी थांबत होते, पण खाली एकदाही येत नव्हते. जुलाबाची साथ आली त्या फेब्रुवारीत तर अर्धी मुलं थांबलेली होती. वाढत्या मुलाचं वजन असं ग्रॅमभरही न हलता थांबत नाही. काट्याखाली झोळीत ते हातपाय झाडत असतं. दोन वेळा लागोपाठ मोजलं तरी आकडा बदलतो.

उठून सेकारचं वजनाचं गुलाबी कार्ड काढलं. जानेवारी ८.४, फेब्रुवारी ८.४. फेब्रुवारीत तिला आठ दिवस जुलाब होते. तरी वजन घटलं नाही म्हणून मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता. पोषणशास्त्र शिकवते मी.

बुधवारी सकाळी सेकारला कडेवर घेऊन बू सुमिरांकडे, म्हणजे सुमिराबाईंकडे, गेले. आमच्या गावची वजनं गेली एकवीस वर्षं त्याच करतात. अंगणात तंबाखूची पानं चिरून तट्ट्यांवर पसरण्याचं काम चाललं होतं. मी वही पुढे केली. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. हात पुसले, सेकारला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "कधीतरी कोणीतरी विचारणार, हे मला ठाऊक होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आरोग्य केंद्रावरची परिचारिका वजनाच्या दिवशी येते आणि ज्या मुलांची कार्डावरची वजनाची रेघ खाली गेली त्यांच्या आयांची नावं सगळ्यांसमोर वाचते. तिला तसं करायला वरून सांगितलेलं आहे. नावं वाचली की ओट्यावर बसलेल्या सासवा ऐकतात. पूर्वी एका पोरीचं नाव लागोपाठ दोनदा वाचलं गेलं, आणि ती पुन्हा बाळाला घेऊन आलीच नाही. तेव्हापासून वजन घटलं की बू सुमिरा मागच्याच महिन्याचा आकडा लिहितात आणि आईला बाजूला घेऊन सांगतात, पेज बंद कर, अंडं दे, आठ दिवसांनी माझ्याकडे घेऊन ये.

"आणि आठ दिवसांनी येतात?"

"येतात ना. म्हणून तर आमच्या गावचं एकही मूल काट्यावरून चुकलेलं नाही. तुमच्या त्या दोन गावांत विचार, किती आया घरीच बसतात ते."

सेकारबद्दल मी विचारायचं टाळत होते. त्याच म्हणाल्या, "हिचं तीनशे ग्रॅम गेलं होतं. तुझी सासू मागेच उभी होती. आदल्या दिवशीच ती मला म्हणाली होती, पुस्तकं वाचून सुनेचं दूध पातळ झालंय. मग काय लिहिणार होते मी?" त्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत चार अंडी टाकली होती. कोंबड्या फार घालतायत असं म्हणाल्या होत्या. मी ते खरं मानलं होतं.

खरी वजनं कुठे लिहिलेली आहेत का, असं विचारलं. नव्हती.

घरी येऊन पाक हर्सोयोंना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, आत्ता आहे तसं पाठव, परीक्षणाला सहा महिने लागतात, तेव्हा तिसरं गाव दुरुस्ती म्हणून काढू. खोटं बोल असं ते म्हणत नव्हते. नंतर बोल म्हणत होते, आणि शुक्रवार दोन दिवसांवर होता. मी हो म्हणाले.

पण गुरुवारी सकाळी पाठवायला बसले तेव्हा शेवटच्या पानावर एक चौकट होती. दिलेली माहिती आमच्या समजुतीप्रमाणे खरी आहे, इथे खूण करा. खूण केल्याशिवाय लेख जात नव्हता. मी सेकारला सासूबाईंकडे दिलं आणि एकसष्ट ओळी खोडल्या.

दुपारपर्यंत सगळे तक्ते नव्यानं झाले. उरलेल्या दोन गावांत नळाची घरं थोडीच, त्यामुळे फरक नाममात्र राहिला. शीर्षकातला 'प्रभाव' काढून 'संबंध' केला, सारांशातून दोन वाक्यं काढली. तिसरं गाव का वगळलं ते सांगायला एक वाक्य हवं होतं, आणि आभारात तिन्ही गावांच्या सेविकांची नावं गावासकट होती. बू सुमिरांना तसा शब्द दिला होता. दोन गोष्टी एकत्र वाचणाऱ्याला कोण ते लगेच कळलं असतं. पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं. नाव काढू का, हे विचारलं.

त्यांनी विचारलं, "त्या वाक्यात नेमकं काय लिहिलंयस?"

मी वाचून दाखवलं. एका गावातली घट नोंदवलेली नसल्यानं ती माहिती वगळली.

"का नोंदवली नाही, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग मी आळशी ठरले की. ते लिही आणि नाव ठेव. नावं वाचणं बंद करा म्हणून एकवीस वर्षं सांगतेय, कोणी कागदावर घेतलं नाही. नाव नसलं तर म्हणतील, कुणीतरी बाई असेल."

वाक्याची तीन वाक्यं झाली. शब्दमर्यादा ओलांडली, म्हणून पाक हर्सोयोंच्या आवडत्या प्रस्तावनेतला एक परिच्छेद कापला. तो संपूर्ण मसुदा त्यांना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं. परिच्छेद परत घाल, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. 'प्रभाव'बद्दलही काही नव्हतं. फक्त तक्ता तीनमधली एक उभी रेघ राहिलीय, एवढंच.

ती काढली. शुक्रवारी सकाळी चौकटीत खूण करून लेख पाठवला, आणि अकरा वाजता पोचल्याची पावती आली. छापून घेऊन बसनं विद्यापीठात गेले. कार्यालयातल्या बाईंनी कागद उलटसुलट केला, शीर्षक वाचलं नाही, फक्त तारीख बघितली आणि शिक्का मारला. मुदत सहा महिन्यांनी वाढली. तो लेख छापतील की नाही, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता.