ताई येतील असं धरून

वकिलीच्या प्रवेश परीक्षेत गट पाडायची कोडी असतात. सात जणांतून चौघांची समिती निवडा. डॉक्टर असेल तर चित्रकार नको, असल्या अटी. अशा वेळी घाईने माणसं निवडायची नाहीत. आधी प्रत्येक अट उलटून पाहायची: चित्रकार असेल तर डॉक्टर नको. पण डॉक्टर नाही म्हणून चित्रकार असेलच, असं मात्र धरायचं नाही. दोघंही नसू शकतात. इथेच भले भले आपटतात.

लेकीला मांडीवर थोपटत मी ही कोडी सोडवायचे. नवरा दूर साइटवर, त्याचा फोन आला तरी निम्मा वेळ "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच जायचा. दिवसभर माझ्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे कचरा न्यायला येणारी बाई, आणि ती म्हणायची, "ओला वेगळा ठेवा." कोड्यांतल्या माणसांना निदान एकमेकांबद्दल अटी तरी असायच्या.

परीक्षेच्या सकाळी लेकीला कोण सांभाळणार, हेही कोडंच होतं. सासूबाई किंवा नणंद, म्हणजे ताई. त्या मायलेकींचं नणंदेच्या लग्नापासून बोलणं नाही. "आई तिथे असेल तर मी पाऊल ठेवणार नाही," असं ताईंनी मला बजावलेलं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तशी मी ताईंना फोन करून सांगितलं, "आई येत नाहीयेत हं."

"बरं," त्या म्हणाल्या.

झालं! मी निश्चिंत.

परीक्षेच्या दिवशी मी साडी नेसून, पेन-ओळखपत्र घेऊन, लेकीला भरवून दाराशी बसले. कोणी येईना. शेवटी फोन लावला.

"ताई, निघालात ना?"

"कुठे?" मागे शिलाई मशीन धडधडत होतं.

"आज माझी परीक्षा... आई नाहीत, म्हणून..."

मशीन थांबलं. "अगं बाई, तू आई येत नाही एवढंच सांगितलंस. मी यावं, असं कधी म्हणालीस?"

खरंच, कधीच नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं, नुसतं सोडवलं होतं.

"निघते," त्या म्हणाल्या. पण त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. त्या येऊन पोहोचल्या तेव्हा केंद्राचं गेट कधीच बंद झालं होतं. त्यांच्या गळ्यातली मापाची टेपसुद्धा काढायची राहिली होती.

"गेलं?"

मी मान हलवली.

"पुन्हा कधी?"

"सहा महिन्यांनी."

"तेव्हा तोंड उघडून सांग गं! मला काय स्वप्न पडतं?" त्यांनी लेकीला घेतलं. ती टेप तोंडात घालू लागली. "ए उंदरे, ते गणवेशांचं माप आहे, खाऊ नको! आणि तू काय बघत उभी? केस बघ कसे झालेत. जा, न्हाऊन ये."

दार लावून अंघोळ करायची मला सवयच उरली नव्हती. पाणी सोडलं, बंद केलं, कान दिला. रडणं नव्हतं. बाहेर दोघी कशाला तरी हसत होत्या. ओली, गारठलेली, मी तशीच उभी राहिले. त्यांचं मजेत चाललं होतं. मध्ये कशाला बोलायचं, असंच वाटलं आधी.

"ताई," मी आतूनच म्हटलं, "उद्या याल का?"

हसणं थांबलं.

"उद्या नाही गं जमायचं, गणवेश द्यायचेत," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येते."